अंदमानातली बुडी

"हे सांगून कुणाला पटणार न्हाई. खोटं निघालं तर मिशी उतरवतो!" मेहकरच्या वीरभद्रप्पांनी घरासमोरच्या कट्ट्यावर शेजारच्या व्यंकटपुढं सुरुवात केली. अंदमानात समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्या बोटी त्यांनी हिंडून पाहिल्या आणि जिच्यावर मासा शिजत नाही, तीच धरली. ज्यांना भेटायला जायचं, त्यांचेच भाऊबंद कढईत बघणं लिंगायत माणसाला शोभत नाही. मग पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, आणि थेट तळ.

"पोपटावानी हिरवा मासा, व्यंकट! प्रवाळ कुरतडायलाय. मी कन्नडात विचारलो, जेवण झालं का? तर मुंडी हलवला की!"

चहा घेऊन आलेल्या निलम्मा नवऱ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मिशीनं मुखवट्यात पाणी शिरायलंय, काढून या, म्हणला बोटवाला. हे ऐकले न्हाईत, वरच बसले. खाली मी गेल्ते."

व्यंकटनं तिथूनच न्हाव्याला हाक मारली.

"तिथंच काढली असती," निलम्मांनी नवऱ्याच्या हातात कप दिला, "तर मासे तरी दिसले असते."