हेझलखालचे नऊ खड्डे

हेझलच्या झुडपाखाली नऊ खड्डे होते. प्रत्येक बोटभर खोल, कडा खुरप्यानं कापाव्यात तशा स्वच्छ. बाजूला बुटाचा एक ठसा, आणि 'मॉड' असं लिहिलेली पाटी जागच्या जागी. चार पावलांवर ओकच्या झाडाखाली दुसरी पाटी होती, 'साधे' लिहिलेली. तिच्यामागे नऊ हिरवी टोकं मातीतून वर आली होती. ती सगळी शाबूत होती.

मॉड विटकॉम्बनं खड्डे दोनदा मोजले. राग आला होता, तरी ती हसली.

खार असती तर शेजारचे क्रोकसच्या फुलझाडाचे कंद, खारींच्या आवडीचे, आधी गेले असते. इथं होते ते स्नोड्रॉप, हिवाळा सरताना खाली मान घालून उमलणारं पांढरं फूल. त्याचा कंद विषारी. त्याला कुठलंच जनावर तोंड लावत नाही. त्याला हात लावतो तो माणूस. आणि तो माणूस कोण, हेही तिला ठाऊक होतं.

घरामागच्या या झाडीत तिच्या नवऱ्याचं, लेनर्डचं, आयुष्य गेलं. साध्या स्नोड्रॉपची पाकळी फार तर पंचवीस मिलिमीटर लांब. लेनर्डनं बियांपासून निवडत निवडत चौदा वर्षांत एक जात उभी केली, तिची पाकळी छत्तीस. जगात तिचे कंद नऊच होते. त्यानं तिला बायकोचं नाव दिलं. "दोघींची मान खाली असते," तो म्हणायचा, "आणि दोघी कुणाचं ऐकत नाहीत."

डॉक्टरांनी आशा सोडल्यावर, गेल्या उन्हाळ्यात, त्यानं ते कुंड्यांतून काढून झाडीत लावले, आणि जवळच नऊ साधेही. निजलेला कंद दिसायला सगळा सारखाच. कुठे काय आहे ते पाट्या सांगतील तेवढंच. नोव्हेंबरात एकदा तो काठी टेकत एकटाच झाडीत गेला आणि गुडघ्यांना चिखल माखून परतला.

"कुलूप लावून आलो," तो म्हणाला.

झाडीच्या फाटकाला साधी कडीसुद्धा नव्हती. औषधांनी याचं डोकं फिरलंय, असं समजून मॉडनं त्याचे बूट काढले. नाताळच्या आधीच तो गेला.

दफनानंतर चहाच्या वेळी रॉडनी गॅस्किन हातात सँडविच घेऊन तिच्यापाशी आला होता. गावाच्या बागकाम मंडळाचा चिटणीस.

"मॉड, लेनर्डच्या त्या फुलाचा एखादा कंद मिळेल का? आठवण म्हणून."

"आठवण ठेवायला कंद कशाला लागतो?"

"रोप टिकवायचं तर वाटून टाकावं, असं लेनर्डच म्हणायचा."

"तो म्हणायचा. मी नाही म्हणत."

त्यानंतर दोनदा तो तिला कुंपणावरून आत वाकताना दिसला. दुसऱ्यांदा त्यानं टोपी उचलून नमस्कारही केला, त्याची तिला जास्त चीड आली. म्हणून नव्या वर्षाच्या सुरुवातीला तिनं झाडीत जाऊन दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली. 'मॉड' हेझलखाली, 'साधे' ओकखाली. येऊ दे म्हटलं त्याला.

तो आला होता.

ती कुणाला काही बोलली नाही. तिला तो एकांतात नको होता, सगळ्या गावासमोर हवा होता. फेब्रुवारीत मंडळाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तिच्या झाडीत अजून ऊन उतरलं नव्हतं. ओकखालची नऊ टोकं मिटलेलीच होती. गॅस्किनकडे मात्र काचघर होतं, तिथल्या उबेत फुलं लवकर उमलतात.

सभागृहात कुंड्या वर्तमानपत्राच्या शंकूत झाकून मांडल्या होत्या. कागद परीक्षकानंच काढायचा, असा नियम. 'नवीन जात' या गटात एकच कुंडी होती. तिच्यापुढे कार्ड: 'गॅस्किनची पहाट, नऊ कंद.'

 मॉड कोट न काढताच टेबलापाशी गेली.

"कागद काढायच्या आधी मला बोलायचंय."

"बोल पोरी," परीक्षक एनिड प्रोबर्ट म्हणाली. नव्वदीची बाई, हातात पोलादी मोजपट्टी. "पण थोडक्यात. माझे पाय दुखतात."

"हे नऊ कंद माझ्या झाडीतून चोरलेत. यानं."

चहाच्या कपांचा आवाज थांबला. गॅस्किन खिडकीकडे पाहत होता.

"यानं जन्मात कधी बी पेरलेलं कुणी पाहिलंय?" मॉड म्हणाली. "लेनर्डच्या थडग्यावरची माती सुकायच्या आत हा कंद मागायला आला. दिले नाहीत, तर उपटून नेले. पण हा पाटी वाचून चोरी करणारा चोर. मी पाट्या बदलल्या होत्या. यानं नेले ते साधे. खरे माझ्या घरी आहेत, ओकखाली. त्या कागदाखाली साधी फुलं निघतील, आणि निघाली की समजा, चोर हाच."

"आणि साधी नाही निघाली तर?" गॅस्किननं शांतपणे विचारलं.

"तर तुझी इथंच, सगळ्यांदेखत माफी मागेन. म्हणेन, त्या फुलाशी माझा काही संबंध नाही."

"सगळ्यांनी ऐकलंत," तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र कोरडा पडला होता.

एनिड हसली. "पाट्या बदलल्यास होय? जुनी युक्ती, पोरी. आम्ही मंडळातली म्हातारी माणसं त्याला 'कुलूप लावणं' म्हणतो. लेनर्डला मीच शिकवली होती."

नोव्हेंबरातले लेनर्डचे चिखलानं माखलेले गुडघे मॉडला आठवले, आणि तिनं टेबलाची कड धरली.

एनिडनं कागदाचा शंकू सोडवला, सगळ्यात पुढचं फूल दोन बोटांत अलगद उचललं आणि पाकळीला पट्टी लावली. चष्मा वर करून तिनं आकडा वाचला.

"छत्तीस मिलिमीटर."