हाताची चव

वरवट बकालच्या रुखमाबाईंचं पिठलं पंचक्रोशीत नावाजलेलं. चाळीस वर्षं त्यांनी ते हातपंपाच्या खाऱ्या पाण्यात शिजवलं आणि वरून कधी चिमूटभर मीठ टाकलं नाही. पाणीच मिठाचं काम करायचं. मग घरोघरी नळाला गोडं पाणी आलं, सगळं गाव खूश झालं आणि रुखमाबाईंचा हात बिघडला. मिठाचा अंदाजच नव्हता त्यांना. एक दिवस पिठलं अळणी, तर दुसऱ्या दिवशी खारट ढोण.

"काऊन वं, तुह्या हाताची चव कुठी गेली?" नवरा, उत्तमराव, ताट सरकवत म्हणाला. एवढ्या संसारात त्यानं ताट सरकवलं ते पहिल्यांदाच. 

नेमके दुसऱ्याच दिवशी नव्या पाण्याची पाहणी करायला तालुक्याहून साहेब आले आणि जेवायला रुखमाबाईंकडेच थांबले. तिसऱ्यांदा पिठलं मागून घेत, बोटं चाटत साहेब म्हणाले, "वा काकू! अशी चव मी जन्मात चाखली नाही. याला म्हणतात शुद्ध पाण्याची कमाल!" हात धुऊन त्यांनी वहीत तसं लिहूनही टाकलं. मग विचारलं, "काही तक्रार असेल तर सांगा."

रुखमाबाईंनी पदर सावरला.

"पाणी गोड हाये साहेब, तक्रार काईच नाई. बस, तो जुना हातपंप तेवढा काढू नका. तुमच्या पिठल्यात त्याचंच पाणी हाये."