छतातला खळगा

“कंटेनरच्या छतावर कडेकडेनं चालायचं असतं, ताई. मधोमध हत्ती बसवला होता काय?” वेल्डर इस्माईलभाई वरून ओरडले.

“बाबा बसायचे. रोज संध्याकाळी, चहा घेऊन.”

बाबा मागच्या महिन्यात गेले, हे त्यांना ठाऊक होतं. ते छताच्या कडेशी वाकले. मग हळूच म्हणाले, “खळग्यात पाणी साचून पत्रा गंजलाय. वेल्डिंगच्या आधी आतून जॅक लावून तो वर उचलावा लागेल. लावू?”

अंगणातल्या त्या कंटेनरमध्ये बाबांची पुस्तकं होती. दोन खोकी भिजलीच होती.

“मी लावते,” मी म्हणाले. पण जॅकचा दांडा फिरवायला हात उचलेना.

शेवटी पत्रा ढब्बकन वर आला. बाबा छतावरून उठले की अस्साच आवाज व्हायचा.

आई घरातून धावत अंगणात आली.

“पत्रा होता गं,” मी म्हणाले.