दोनदाती मेंढे

“ही माणसं शिकारी न्हवती, सर.” उत्खननावर माती चाळणाऱ्या गजराबाई धनगरणीने खड्ड्यातून निघालेल्या कवट्या-जबड्यांकडे बोट दाखवलं. “मेंढे बघा, सगळे कोवळे, दोनदाती. म्हाताऱ्या निस्त्या मेंढ्या. शिकारी घावंल ते मारतो. नर खाऊन माद्या राखतो, त्यो कळपवाला.”

“मावशी, तुम्ही माती चाळा. डोकं आम्ही चालवतो,” उत्खननप्रमुख सर म्हणाले. सगळे फिदीफिदी हसले.

चौथ्या दिवशी पत्रकार आले. “तीन हजार वर्षांपूर्वीची ही माणसं शिकारी नव्हती! नर खायचे, माद्या राखायचे. हा माझा निष्कर्ष,” सर छाती फुगवून सांगत होते. गजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेंढरांमागं जन्म गेला तिचा, आणि निष्कर्ष याचा?

“पण सर, मेंढ्याचं वय कसं ओळखलंत?” एका पत्रकार मुलीने विचारलं.

सरांनी जबडा उलटापालटा केला. मग साखर घोळलेल्या आवाजात हाक मारली, “मावशी, जरा इकडे येता का?”

गजराबाईने चाळणी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मी माती चाळतीया, सर. डोकं तुम्ही चालवा!”