याडीच्या घागऱ्याची पिशवी

धूळ ओढायचं आमचं विलायती मशीन उभ्या दांड्याचं होतं. त्याची पिशवी उंदरांनी कुरतडली. तशी पिशवी यवतमाळात कुठली मिळायला! आणि बंगला जिनिंगच्या आवारात, दिवसभर कापूस उडायचा.

"मी देईन शिवून," कामाला येणारी बिजलीबाई म्हणाली.

तिनं तांड्यावरून लाल, जाड कापडाची पिशवी शिवून आणली. कापडावरचे आरसे काढलेले होते, त्यांचे गोल टाके तेवढे उरले होते.

"आमच्या याडीचा घागरा होता. इथंच जिनात कामाला होती माही माय. दम्यानं गेली."

"मेलेल्या बाईचं कापड शिवतात तुमच्यात?"

"नाही शिवत, बाई. पण याच्याइतकं घट्ट दुसरं नोहतं घरात."

मशीन चालू केलं. पिशवी टम्म फुगली, धुळीचा कणही बाहेर आला नाही. मी खूश होऊन बटण बंद केलं. पिशवी खाली बसली.

मग पुन्हा फुगली.

मी पिन उपसली. पिशवी फुगत राहिली, बसत राहिली. बसताना टाक्यांतून बारीक शिट्टी वाजायची.

बिजलीबाईच्या हातातलं फडकं गळालं. ती मशीनपाशी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "याडी, पाणी देऊ?"

पिशवी फुगली ती तशीच थांबली.

"पाणी येईस्तोवर अशीच दम धरून बसे ते," बिजलीबाई म्हणाली, आणि मला तिथं एकटीला ठेवून पाणी आणायला गेली.