एकेचाळीस सेकंद

"नऊ," घड्याळ बघत एंडेल म्हणाला.

"खोटारड्या! दहा तरी असतील." लाइने खुर्चीत टेकली. तिला धाप लागली होती.

"नऊच. त्यातला नववाही मी मैत्रीखातर धरलाय."

पन्नास वर्षांपूर्वी याच बाईने एका गाण्याच्या शेवटी एकेचाळीस सेकंद एकच सूर धरला होता आणि अख्खं एस्टोनिया रेडिओला चिकटलं होतं. तेवढ्या वेळात धक्क्यावरच्या एका कोळ्याने हेरिंग साफ करून, तळून खाल्ली म्हणतात. तळल्याचं मी मानत नाही. साफ केली असेल. तेव्हापासून ती जिथे गाईल तिथे ते गाणं आलं की लोक घड्याळ बघायला मनगटं वर करून बसत. आता ती अठ्ठ्याहत्तरची होती आणि आज तिच्या जन्मबेटावर, समुद्राकाठी कार्यक्रम होता.

"सूर तुटला तर तू वाजवणं थांबव," ती म्हणाली. "मी तशीच पायऱ्या उतरून घरी जाईन. पुन्हा गाणार नाही. सौनात वाफ घेतानासुद्धा नाही."

चाळीस वर्षं तिला अकॉर्डियनची साथ करणारा एंडेल वाद्याचा भाता पुसत राहिला. त्याने सोय करून ठेवली होती. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या हापसालूहून मिल्वी तिच्या गायकवृंदातल्या तीस बायका घेऊन येणार होती. त्यांनी मागच्या रांगांत बसायचं आणि लाइनेचा सूर डळमळला की ओठ मिटून तोच सूर धरायचा. एकीचा श्वास संपायच्या आत शेजारणीने उचलायचा. सांधा कुणाला कळत नाही. त्यात विशेष काही नाही, आमच्याकडे हे शाळेतच शिकवतात. बेटावरच्या बायकांना मात्र त्याने मुद्दामच विचारलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

"बोटीत बसलो," असा मिल्वीचा दुपारी फोनही आला होता.

संध्याकाळी सगळं बेट लोटलं. ऊन थेट एंडेलच्या डोळ्यांत येत होतं. मागच्या रांगा त्याला नुसत्या सोनेरी दिसत होत्या. दूर समुद्रात कुठलासा भोंगा अधूनमधून वाजत होता.

शेवटचं गाणं आलं. मनगटं वर झाली. लाइनेने सूर धरला.

पाच. सात. आठव्याला तो थरथरला आणि एंडेलने मागच्या सोनेरी रांगांकडे पाहिलं. मग सूर सावरला. सावरला आणि रुंदावत गेला. वीस. तीस. बाकं झिणझिणू लागली, अकॉर्डियनचा भाता हाताखाली आपोआप शहारला. एकेचाळीस मागे पडले. एकेक मनगट खाली आलं. साठच्या पुढे एंडेलही मोजायचं विसरला. डोळे मिटून उभ्या असलेल्या त्या एवढ्याशा म्हातारीतून समुद्र बोलतोय, असं त्याला वाटलं.

तिने तोंड मिटलं तेव्हाच सूर थांबला.

"कुणाला आणलं होतंस रे?" पडद्यामागे तिने विचारलं.

"म्हणजे?"

"सोंग पुरे. माझा सूर आठव्यालाच गेला. पुढे मी नुसती आ वासून उभी होते."

"मिल्वीच्या बायका," एंडेल पुटपुटला.

लाइनेने डोळे पुसले. "त्यांना सांग, पुढच्या उन्हाळ्यातही गाणार आहे मी."

बायका परतीच्या बोटीसाठी गेल्या असतील म्हणून तो धक्क्याकडे निघाला. वाटेत मासे धुरावर सुकवून विकणाऱ्या उर्वेने त्याची बाही धरली.

"अहो, तिचा श्वास गेलासं वाटलं, म्हणून मी जरा गुणगुणले. एकटीच हो! तिला सांगू नका, वाईट वाटेल."

फाटकापाशी पाद्रीबुवा खाकरले. "एंडेल, एक कबूल करायचंय. मीही थोडासा... पण मी एकटाच."

एंडेल मनात हसला. तीस कसलेल्या गळ्यांपुढे या दोघांचं काय!

धक्क्यावर बोट आत्ता कुठे लागत होती. सगळ्यांच्या आधी मिल्वी उतरली, मागोमाग तिच्या बायका.

"मेलं धुकं! चार तास भर समुद्रात अडकलो," ती धापा टाकत म्हणाली. "गाऊन झालं का रे तिचं?"