दुपारी चारची प्रोसेस

सुबोधची धाकटी बहीण सई सातव्या वर्षी घाटकोपरच्या बाजारात हरवली, त्याला अकरा वर्षं झाली. हरवलेल्या माणसांच्या फोटोंची वेबसाइट त्याने तिच्यासाठीच काढली होती.

रोज दुपारी चारला एकच प्रोसेस अख्खा सीपीयू खाऊन टाकायची आणि साइट बसायची. सर्व्हर सांभाळणारी मृणालिनी तिला मध्येच मारून टाकायची, म्हणजे जबरदस्तीने बंद करायची. दुसऱ्या दिवशी बया तोच प्रोसेस-नंबर घेऊन पुन्हा हजर!

आज मृणालिनीने आधी पाहिलं, ही चघळते तरी काय. सईचा लहानपणीचा फ्रॉकमधला फोटो, भुवईवर जखमेची खूण दिसणारा. फक्त तेवढाच.

"मार ना तिला, लोक खोळंबलेत," सुबोध वैतागला.

"थांब रे. आज होऊ दे तिचं पूर्ण."

ऑफिसातल्या टेबलाखालचा सर्व्हर तापला, त्याचा पंखा कोकलू लागला. वीस मिनिटांनी सगळं एकदम गप्प झालं. प्रोसेस आपली आपण संपली होती.

मृणालिनीने फोटो उघडला. फ्रॉकमधली पोर त्यात नव्हती. भुवईवर तीच खूण असलेली अठरा वर्षांची मुलगी एका हिरव्या दरवाजासमोर उभी होती. दरवाजावर ह्याच ऑफिसची पाटी होती आणि मुलीचं बोट बेलच्या बटणावर.

"सुबोध," ती म्हणाली, "रोज आपण तिला अर्ध्या वाटेत अडवत होतो रे."

बेल वाजली.